जुन्या कॅमेऱ्याचा भाव कोण ठरवतं?

जून २०२२मध्ये जर्मनीतल्या वेट्झलार या गावी एक जुना कॅमेरा लिलावात १ कोटी ४४ लाख युरोंना गेला. रुपयांत ही रक्कम शंभर कोटींच्या पुढे जाते. तोवर लिलावात कुठल्याही कॅमेऱ्याला एवढी किंमत आली नव्हती. कॅमेरा लायकाचा होता. १९२३च्या सुमारास चाचणीसाठी बनवलेल्या वीस-बावीस नगांपैकी एक, क्रमांक १०५. याच तुकडीतला १२२ क्रमांकाचा कॅमेरा २०१८मध्ये व्हिएन्नात २४ लाख युरोंना विकला गेला होता. कारखाना एक, बनावट एक, वयही एकच, आणि किमतीत सहापट फरक.

हा फरक एका नावामुळे पडला. १०५ क्रमांकाचा कॅमेरा ऑस्कर बार्नाक स्वतः वापरायचा. लायका ज्याच्या डोक्यातून निघाला तो हा माणूस. त्याचं नाव व्ह्यूफाइंडरवर कोरलेलं आहे. कॅमेरा कोणाचा होता याचा पुरावा त्याच्या अंगावरच होता, आणि त्या पुराव्याला पैसे मिळाले.

ही बातमी मी जरा जास्तच लक्ष देऊन वाचली, कारण त्याच वर्षी मी पण जुने कॅमेरे विकायला निघाले होते. चिपळूणला माझ्या मामांचा फोटो स्टुडिओ होता. मामा गेले, आणि नंतर २०२१च्या जुलैतल्या पुरात घराचा तळमजला पाण्याखाली गेला. कॅमेऱ्यांचं कपाट माडीवर होतं म्हणून वाचलं. डागडुजीला पैसे हवे होते. मामी म्हणाली, "अगं, यातल्या एकासाठी माझ्या पाटल्या मोडल्या होत्या. लाखभर तरी येतील बघ." ओळखीतून एक दुकानदार आला. त्याने एकेक वस्तू हातात घेऊन वजन केल्यासारखी खालीवर केली आणि म्हणाला, "सगळं मिळून सहा हजार. डिजिटलच्या जमान्यात हे कोण घेतं, मॅडम?"

एक आकडा लाखाचा, दुसरा सहा हजारांचा. दोघंही खोटं बोलत नव्हते. दोघांचेही आकडे वेगवेगळ्या काळांतून आले होते, एवढंच. ते कुठल्या काळातले आहेत हे कळल्याशिवाय मला तिसरा, खरा आकडा सापडणार नव्हता. म्हणून मी या व्यवहाराचा इतिहास वाचायला घेतला.

२१ गिन्या आणि वाटाण्याचा अंकुर

आपल्याकडे कॅमेरा विकण्याची गोष्ट चित्रपटाइतकीच जुनी आहे. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांचा मुंबईत फोटो स्टुडिओ होता. १८९६मध्ये मुंबईत ल्युमिए बंधूंच्या हलत्या चित्रांचे खेळ झाले. ते पाहून सावेदादांनी इंग्लंडहून २१ गिन्यांचा कॅमेरा मागवला. पौंडाला साधारण १५ रुपये हा तेव्हाचा दर धरला तर सुमारे ३३० रुपये होतात. या कॅमेऱ्याने त्यांनी १८९९मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये पुंडलिक दादा आणि कृष्णा न्हावी यांची कुस्ती टिपली. १९०१च्या अखेरीस रँग्लर परांजपे केंब्रिजहून परतले, त्या स्वागताचंही चित्रण त्यांनी केलं.

पुढे सावेदादांनी या धंद्यातून अंग काढलं आणि कॅमेरा विकला. घेणारे तिघे होते: करंदीकर, पाटणकर आणि दिवेकर. यातले श्री. ना. पाटणकर नंतर मूकपटांचे दिग्दर्शक झाले. म्हणजे भारतीय सिनेमाचं पहिलं पान आणि पुढची काही पानं यांच्यामध्ये एक सेकंडहँड व्यवहार आहे. विकणाऱ्याचं काम संपलं होतं, घेणाऱ्याचं सुरू व्हायचं होतं. जुन्या कॅमेऱ्याला चांगला भाव अजूनही अशाच ठिकाणी मिळतो, जिथे घेणाऱ्याला त्यातून काहीतरी करायचं असतं.

दुसरी गोष्ट दादासाहेब फाळक्यांची. विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून ते १९१२मध्ये लंडनला गेले आणि विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. पण भांडवल देणाऱ्यांना नुसता कॅमेरा दाखवून काय उपयोग? ते यंत्र काय करतं हे कोणाला माहीत होतं? फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, वेल वाढत असताना रोज थोडं थोडं चित्रण केलं आणि महिन्याभराची वाढ मिनिटभरात पडद्यावर दाखवली. पाहणाऱ्यांनी पैसे दिले. ३ मे १९१३ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला.

मला यात विक्रीचा एक साधा नियम दिसला. यंत्र चालतं असं सांगण्यापेक्षा त्याने काढलेलं चित्र दाखवावं. बाजारात आज 'रोल टाकून तपासलेला' आणि 'चालू असावा, तपासलेला नाही' या दोन वाक्यांच्या भावात मोठी तफावत असते, ती याच कारणाने.

मामीचा आकडा कुठून आला

मामीच्या लाखाचं मूळ मला परवाना राजवटीत सापडलं. १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात देशात परकीय चलनाची टंचाई झाली आणि आयातीवर कडक बंधनं आली. कॅमेरा ही चैनीची वस्तू ठरली. देशी पर्याय थोडे होते. बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजमध्ये आग्फा क्लिक थ्री बनायचा. काळा, हलका, बारा चौकोनी फोटो काढणारा आणि फारशी बटणं नसलेला. ऊन की ढग एवढंच ठरवायचं आणि खटका दाबायचा. तुमच्या आजी-आजोबांचा सहलीतला फोटो चौकोनी असेल, तर तो अशाच एखाद्या कॅमेऱ्यातला असण्याची शक्यता बरीच आहे. फिल्मसाठी सरकारने १९६०मध्ये हिंदुस्तान फोटो फिल्म्स ही कंपनी काढली. उटीच्या कारखान्यात तिचा 'इंदू' रोल बनायचा.

धंदेवाईक फोटोग्राफरला मात्र याशिका, निकॉन किंवा रोलाईफ्लेक्स लागायचा. पत्रकार छायाचित्रकार होमाई व्यारावालांच्या हातातला रोलाईफ्लेक्स आपण त्यांच्या फोटोंत पाहिलेला असतो. असे कॅमेरे येणार कुठून? बोटीवर नोकरी करणारा भाऊ, आखातात गेलेला शेजारी, किंवा चोरटा माल. परदेशी पर्यटकाकडच्या महागड्या वस्तूंची कस्टम्समध्ये नोंद व्हायची, जेणेकरून तो कॅमेरा इथे विकून जाऊ नये. सोव्हिएत रशियाशी रुपयांत व्यापार होता, त्यामुळे झेनिट त्या मानाने सहज मिळायचा. तोही जड आणि दणकट.

अशा बाजारात जुना कॅमेरा स्वस्त होत नाही. नवा मिळतच नसेल तर वापरलेल्यालाही नव्याचाच भाव येतो. मामांनी १९८०च्या दशकात निकॉन एफएम टू घेतला तो असाच, पाटल्या मोडून. कॅमेरा सोन्यासारखा, अडीअडचणीला विकता येईल, ही मामीची समजूत त्या वेळी अगदी बरोबर होती. १९९१नंतर आयात हळूहळू मोकळी झाली, कोडॅक केबी टेनसारखे स्वस्त कॅमेरे घरोघरी गेले आणि त्या समजुतीखालची जमीन सरकली. पण मनातले भाव बाजारभावाइतक्या लवकर उतरत नाहीत.

दुकानदाराचा आकडा कुठून आला

सहा हजारांचं मूळ २००६ ते २०१२ या वर्षांत आहे. २००६च्या जानेवारीत निकॉनने बहुतेक फिल्म कॅमेऱ्यांचं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं. कोनिका मिनोल्टा तर त्याच वर्षी कॅमेऱ्यांच्या धंद्यातूनच बाहेर पडली. २००९मध्ये कोडॅकने कोडाक्रोम बंद केली. जानेवारी २०१२मध्ये खुद्द कोडॅकने अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला. या काळात गावोगावच्या स्टुडिओंनी आपली सामग्री मोडीत काढली. वापरलेल्या हायपोच्या द्रावणात चांदी उतरते, म्हणून ते द्रावण घ्यायला माणसं यायची. काही स्टुडिओंमध्ये कॅमेऱ्यापेक्षा त्या पिंपाला जास्त गिऱ्हाईक होतं.

आमच्याकडे आलेल्या दुकानदाराने धंदा शिकला तो या मंदीत. त्याने अशी कपाटं पाच-सहा हजारांत उचलली असतील आणि त्यातला निम्मा माल पडूनही राहिला असेल. त्याचा भाव त्याच्या अनुभवातून आला होता. मात्र तो अनुभव दहा वर्षं जुना होता. आणि त्याला नवा भाव ठाऊक असता, तरी तो आपण होऊन मला सांगायला थोडाच बसला होता?

परत आलेली मागणी

मधल्या काळात वारं फिरलं होतं. २०१८मध्ये कोडॅकने बंद केलेली एक्टाक्रोम फिल्म पुन्हा बाजारात आणली. २०२२च्या ऑक्टोबरमध्ये लायकाने आपला एम सिक्स हा जुना फिल्म कॅमेरा नव्याने काढला. २०२४मध्ये पेंटॅक्सने तर कोरा नवा फिल्म कॅमेरा बनवला, पेंटॅक्स सेव्हन्टीन. त्याची फ्रेम उभी आहे, फोनवरच्या फोटोसारखी. म्हणजे गिऱ्हाईक कोण हे कंपनीला नेमकं माहीत होतं. तुम्हीच!

या नव्या मागणीचे नियम वेगळे आहेत. मामांच्या पिढीत धातूचा, जड कॅमेरा म्हणजे भारी. आज काही वेळा उलटं असतं. २०१७मध्ये अमेरिकेतल्या एका टीव्ही कार्यक्रमात मॉडेल केंडल जेनरने आपला कॉन्टॅक्स टी टू दाखवला आणि १९९०चा हा खिशातला कॅमेरा अनेकांना हवासा झाला. ऑलिंपस म्यू टूचं अंग प्लास्टिकचं आहे, तरी तो कित्येक धातूच्या कॅमेऱ्यांपेक्षा महाग विकला जातो. नावावरूनही फसगत होते. याशिका टी फोरला झाइसची टेसार लेन्स आहे, म्हणून त्याला शोधत लोक येतात. आपल्याकडे घराघरांत असलेला याशिका एमएफ टू त्याच कंपनीचा, पण भाव कितीतरी कमी. म्हणून विकण्याआधी अंगावरचं पूर्ण नाव, अक्षर आणि अंक, नीट वाचायचे.

लेन्सची गोष्ट आणखी वेगळी. झेनिटबरोबर यायची ती हेलिओस ४४ लेन्स जुन्या जर्मन बायोटारच्या धर्तीवर बनलेली आहे. तिच्यातून काढलेल्या फोटोत पाठीमागची पानं गोल फिरल्यासारखी दिसतात. ती साध्या अडॅप्टरने आजच्या मिररलेस कॅमेऱ्यावर बसते, म्हणून व्हिडिओ करणारी मुलं ती शोधत असतात. कॅमेरा बिघडलेला असला तरी लेन्सला वेगळं मोल आहे. 'सगळं मिळून' विकलं की हेच मोल आधी बुडतं.

आणि लायका? कपाटात सोनेरी मुलाम्याचा किंवा जर्मन लष्कराच्या गरुडाचा शिक्का असलेला लायका निघाला तर लगेच हुरळून जाऊ नका. युक्रेनमधल्या खारकीव्हमध्ये १९३४पासून लायकाच्या नकलेवर फेड नावाचा कॅमेरा बनत होता, नंतर रशियात झॉर्की आला. दोन्ही प्रामाणिकपणे स्वतःच्या नावाने विकले गेले. पुढे कोणीतरी ती नावं घासून त्यावर 'लायका' कोरायला लागलं. लेन्स काढून आत पाहिलं की फोकस जुळवणारा एक लहानसा दांडा दिसतो. खऱ्या लायकात त्याच्या टोकाला गोल चाक असतं, फेड-झॉर्कीत साधारणपणे चपटं, निमुळतं टोक. वेट्झलारला एका कोरीव नावाने किंमत सहापट केली. तोच मोह नकली नावं कोरणाऱ्यांनाही होता.

कपाट रिकामं करताना

एवढं वाचल्यावर मी दुकानदाराला नम्रपणे नाही सांगितलं आणि उक्ता सौदा करायचा नाही असं ठरवलं. प्रत्येक वस्तूचं वेगळं पान केलं.

तपासणीला फोन पुरला. लेन्सच्या एका बाजूने फोनचा टॉर्च मारायचा आणि दुसऱ्या बाजूने तिरपं पाहायचं. फंगस असेल तर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात. कोकणातल्या दमट हवेत ते नसतील तरच नवल. शटरचे वेग तपासायला मागचं झाकण उघडून स्लो मोशनमध्ये चित्रण केलं. एक सेकंदाचा वेग दोन सेकंद रेंगाळतोय का ते लगेच कळतं. जुने कॅमेरे याच संथ वेगांवर आधी आजारी पडतात. बॅटरीचा खण उघडून गंज पाहिला. मामांच्या याशिका मॅट १२४ जीला पाऱ्याची बॅटरी लागायची, ती आता बनत नाही, त्यामुळे लाइट मीटर चालला तरी बरोबर सांगेलच असं नाही. एफएम टूचं शटर मात्र पूर्ण यांत्रिक आहे, बॅटरी नसली तरी चालतं. मग दोघांत एकेक रोल घालून वाशिष्ठीच्या काठावर फोटो काढले आणि रोल धुवायला पाठवला.

भाव पाहताना एक पथ्य पाळलं. लोक काय मागतात ते धरायचं नाही, वस्तू कितीला गेली ते धरायचं. मागणाऱ्याला कितीही मागता येतं. विकल्या गेलेल्या पाच-सहा नगांचे आकडे एका ओळीत लिहिले, त्यातला सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा खोडला, की उरलेल्यांमध्ये आपला पट्टा सापडतो.

मग मुंबईला फोर्टात बोरा बाजारला गेले. या भागात कॅमेऱ्यांची विक्री आणि दुरुस्ती कैक वर्षं चालत आली आहे. एफएम टू आणि ५० मिलिमीटरची लेन्स पाहून तिथल्या एका जुन्या दुकानदाराने पंधरा हजार सांगितले. मी पट्टा वीस ते तेवीसचा काढला होता. त्यांना तसं म्हटल्यावर ते चिडले नाहीत. म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. पण मी तो उघडणार, साफ करणार, सहा महिने जबाबदारी घेणार. कदाचित वर्षभर काचेत ठेवणार. त्याचे पैसे कोण देणार?" हे मला पटलं. दुकानाचा भाव थेट विक्रीपेक्षा कमी असणं ही लबाडी नव्हे. तिथे आपण वेळ आणि कटकट विकत असतो. किती विकायची, हे आपल्याला माहीत असलं म्हणजे झालं.

त्यामुळे मी वाटणी केली. एफएम टूला घाई नव्हती, तो पाच आठवड्यांनी पुण्यातल्या एका मुलीने एकवीस हजारांना घेतला. याशिका मॅटच्या वरच्या, नुसतं बघायच्या लेन्समध्ये फंगस होतं. फोटोवर त्याचा परिणाम होत नाही, पण साफ करावं लागणार होतं, म्हणून तो दुकानात बारा हजारांना दिला. हेलिओस साडेचार हजारांना गेली, शटर अडकलेलं झेनिटचं धूड सुट्या भागांसाठी पाचशेला. आग्फा क्लिक थ्री बाराशेला, एमएफ टू दीड हजाराला, एन्लार्जर तीन हजारांना. बेरीज ४३,७०० रुपये.

मामीचा लाख झाला नाही. आकडा ऐकून ती क्षणभर गप्प बसली, मग म्हणाली, "पाटल्यांचे नाही आले, पण लाद्यांचे आले." तळमजल्याची फरशी त्यातून झाली.

एक गोष्ट मी विकली नाही. पहिल्या दुकानदाराने निगेटिव्हांचे डबेही त्या सहा हजारांत धरले होते. त्यात निम्म्या गावाची लग्नं, बारशी, शाळेच्या दाखल्यांचे फोटो आहेत. त्यांच्यावर मामांइतकाच त्या चेहऱ्यांचाही हक्क आहे. पुरात ज्यांचे अल्बम गेले त्यांच्यातले काहीजण आता येऊन विचारतात. तो डबा लिलावात काही आणणार नाही, पण चिपळूणच्या बाहेर त्याला अर्थही नाही.

बोरा बाजारातून निघताना त्या दुकानदारांनी मागच्या टेबलाकडे बोट दाखवलं. तिथे एक वयस्कर कारागीर भिंग डोळ्याला लावून शटर उघडत होते. "हे आहेत तोवर तुमच्या कॅमेऱ्याला भाव," ते म्हणाले. मला ते खरं वाटतं. एफएम टूला चाळीस वर्षांनंतरही एकवीस हजार आले, कारण तो बिघडला तर उघडून दुरुस्त करणारा माणूस अजून आहे. ही कला शिकणारं कोणी उरलं नाही तर आयातबंदीचा काळ, मंदी, नवी मागणी यांतलं काहीच मोजावं लागणार नाही. मग पहिल्या दुकानदाराने केलं तसं हातात घेऊन वजन करायचं आणि तोच भाव रास्त म्हणायचा.